उत्तरेची खिडकी

“ती खिडकी बुजवू नकोस हं, पोरी. मला कुणी बघितलेलं चालतं.”

शेजारच्या मिस युलाली कुंपणाच्या भिंतीपलीकडून असं म्हणाल्या तेव्हा लॉरेलच्या एका हातात त्यांनीच दिलेली अंजिरांच्या मुरंब्याची बरणी होती, कडेवर विनी होती आणि दातांत निळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. तो काढून ती हसली.

“काहीतरीच काय, मिस युलाली! उलट तुम्हाला निवांतपणा मिळेल. आमच्याकडची भांड्यांची आदळआपट ऐकावी लागणार नाही.”

“आदळआपट बरी असते,” म्हातारी म्हणाली. मग तिने विनीच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला, आणि ते बोलणं तिथल्या तिथे विरून गेलं.

लॉरेल डोंगराकडच्या गावातली. तिकडे माणसं मनातलं बोलून मोकळी होतात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या चार्ल्सटनमध्ये लग्न करून आल्यावर तिला कळलं, की इथे बोलण्याचा अर्थ उलटा करून घ्यायचा असतो. ‘आणखी थोडा वेळ बसा ना’ म्हणजे आता उठा. ‘टोपी किती वेगळी आहे गं तुझी’ म्हणजे पुन्हा घालू नकोस. हे सगळं ती मन लावून शिकली होती, कॉलेजात शिकायची तसं. म्हणूनच ‘मला चालतं’ याचा अर्थ तिने लावला, की बाईंना मुळीच चालत नाहीये, बुजवा एकदाची.

ती आत आली. जेवणघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या चिंचोळ्या खोलीत डुप्री सुतार गुडघे टेकून जमिनीवर पट्ट्या चिकटवत होते. खोली रिकामीच होती. एक आरामखुर्ची, एक दिवा आणि उत्तरेच्या भिंतीत ती छोटी खिडकी. एवढ्यावरच त्यांनी निळ्या रेघांची अख्खी पँट्री, स्वयंपाकघराचा पसारा झाकायची कोठी, उभी केली होती.

“इथं ओटा. इथं छोटं सिंक. ह्या अंगाला वरपर्यंत कपाटं, खालची लाकडी दारांची, वरची काचेची. आता चालून बघा, मिस लॉरेल. दार उघडताना कंबरेला लागतं का ते कळेल.”

लॉरेल विनीला घेऊन रेघांच्या आत शिरली. नसलेलं कपाट उघडलं. नसलेल्या नळाखाली हात धरला. आणि काय झालं कोण जाणे, तिच्या खांद्यांतला ताठरपणा उतरत गेला. दूध काढायचा पंप, बाटल्या उकळायचं भांडं, कॉफीचं यंत्र, औषधांचे थेंब, चमचे, लाळेरी, सगळं सगळं या दारांमागे जाईल. पुढचं स्वयंपाकघर मोकळं राहील, भरतीनंतरच्या खाडीसारखं सपाट आणि चकचकीत. कुणी आलं तर तिथे फक्त पेरूंचा वाडगा दिसेल. नाही, पेरू नको, लिंबं. पिवळी लिंबं. आणि त्यांच्यामागे शांतपणे उभी असलेली ती, केस नीट बांधलेली, जिने काल बाळाचा श्वास चालू आहे ना हे बघायला पाळण्यावरचा कॅमेरा फोनवर किती वेळा उघडला हे कुणालाही कळणार नाही, अशी ती.

“बटलरची पँट्री म्हणे,” दारात येऊन उभा राहिलेला हेवर्ड म्हणाला. तो तिचा नवरा. “आणि बटलर कुठाय?”

“माझ्यासमोर उभा आहे. बाटल्या धुवायच्या पडल्यात.”

“बघा, डुप्री, माणसानं घर सुधारायला काढावं, तर आपलीच नोकरी बदलते.”

डुप्रींनी पट्टी दाताने तोडली. “आणि खिडकीचं काय करायचं? ठेवली तर कपाटं दोन बाजूंना वाटून टाकावी लागतील. बुजवली तर सलग भिंत मिळते.”

“बुजवा,” हेवर्डच्या मागून त्याची आई म्हणाली. इथे सासूलाही ‘मिस’च म्हणतात; तर मिस ऑगस्टा जेवणघरातूनच सगळं ऐकत होत्या. “मी तर म्हणते, आधीच बुजवायला हवी होती. उत्तरेच्या खिडकीतून बघायचं नसतं, लॉरेल. समोर शेजाऱ्यांचा पियाझा असतो. त्यांची ओसरी म्हणजे त्यांचं घरच. तिथं काय चाललंय ते दिसलं, तरी दिसलं नाही असं धरून चालायचं. हेवर्डच्या आजीनं उभ्या जन्मात त्या बाजूला मान वळवली नाही.”

“मग खिडकी ठेवली कशाला, मिस ऑगस्टा?”

“वाऱ्यासाठी. नजरेसाठी नाही.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि त्या बिचाऱ्या युलालीकडे तर नकोच बघायला. बहीण गेल्यापासून जरा... असं आहे तिचं. एकटीच बोलते म्हणतात. रस्त्याकडचं दार तर सदा बंद. दार बंद म्हणजे येऊ नका, एवढं समजून घ्यावं माणसानं.”

लॉरेलने मान हलवली, पण तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कारण ती बघत होती. विनी झाल्यापासून, रोज.

पहाटे विनी जागी झाली की हेवर्डची झोप मोडू नये म्हणून लॉरेल तिला घेऊन या मधल्या खोलीत यायची. खुर्चीत बसून दिवा लावायची, बाळाला पाजायला घ्यायची. त्या वेळी खाडीवरून धुकं येऊन दोन घरांमधल्या बोळात भरलेलं असे. चिखलाचा खारट वास, त्यात कुठल्यातरी झाडाच्या फुलांचा गोड वास. आणि धुक्यापलीकडे, हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतका जवळ, मिस युलालींचा पियाझा. छताचा निळा रंग आधी दिसायचा, मग खांब, मग ती लांबलचक लवलवती फळी. दोन लाकडी आधारांवर टाकलेल्या त्या फळीवर इथल्या कितीतरी पिढ्यांची बाळं निजली असतील. बसलं की ती मधोमध लवते आणि हळूहळू वरखाली होत राहते.

मिस युलाली केस विंचरून, त्यात कंगवा खोचून बाहेर येत. ट्रे फळीवर ठेवत. त्यात दोन कप. दोन्हींत कॉफी ओतत. एक घेऊन स्वतः फळीच्या एका टोकाला बसत, दुसरा पलीकडच्या टोकाला ठेवत आणि लवत लवत त्या कपाशी बोलत. शब्द ऐकू यायचे नाहीत. नुसते ओठ हलायचे, मधूनच हात. एकदा तर स्वतःच्याच विनोदावर हसून त्यांनी मांडीवर थाप मारली होती. गेलेल्या बहिणीशी बोलतात, लॉरेलला वाटायचं, आणि तिचे डोळे भरून यायचे. तेव्हा तिचे डोळे कशानेही भरून येत. पण इतकं होतं, की मिस युलाली दिसेपर्यंत लॉरेलची छाती धडधडत असायची. बाळ गिळतंय ना, घोट अडकला तर, ताप आहे का हा, मला झोप लागली आणि ही हातातून पडली तर. आणि त्या बाहेर आल्या, फळी लवायला लागली, की त्यांच्यासोबत लॉरेलचा श्वासही वरखाली होऊ लागायचा. सगळं जग बुडालंय आणि या धुक्यावर दोन होड्या तेवढ्या उरल्यात, असं काहीतरी वाटायचं.

हे बरं नाही, हेही वाटायचं. दुसऱ्याच्या दुःखात डोकावून आपण सुखी होतोय. म्हणूनच खिडकी बुजवायचा निर्णय झाला तेव्हा तिला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं.

“आधी नुसती फळी मारून बघतो,” डुप्री म्हणाले. “थोडे दिवस राहू द्या. अंधार वाटला तर सांगा. एकदा का भिंत भरली की मग माझ्या नावानं रडू नका.”

त्यांनी प्लायवूडचा तुकडा चौकटीत बसवला आणि चारी कोपऱ्यांना स्क्रू पिळले. खोली एकाएकी आतल्या बाजूला वळली. लॉरेलने त्या लाकडावर पेन्सिलने बरण्या काढल्या, त्यांच्या खाली काय काय ते लिहिलं. तांदूळ. मक्याचा रवा. चहा. सुंदर दिसत होतं.

पहिली पहाट तशीच गेली. दिवा, खुर्ची, पेन्सिलीच्या बरण्या. विनी पीत राहिली आणि लॉरेल आपल्या मांडीवरच्या बाळाला फोनच्या कॅमेऱ्यात शोधत राहिली. मग लक्षात आलं, कॅमेरा रिकामा पाळणा दाखवतोय. तिचं तिलाच हसू आलं, पण हसू पुरलं नाही.

त्यानंतरच्या पहाटे बाहेर कुठेतरी टिक्, टिक् असा आवाज येत होता. थोडा वेळ यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. सुतारपक्षी असेल. पन्हाळीतून दव ठिबकत असेल. ज्या बाईला वरच्या मजल्यावर बाळाने कूस बदलली तरी जाग येत होती, तिने तो आवाज ऐकला आणि ‘शेजाऱ्यांचा’ म्हणून सोडून दिला. दिसलं तरी दिसलं नाही; तसं ऐकू आलं तरी ऐकू आलं नाही. विनी पिता पिता झोपली. लॉरेलचाही डोळा लागत होता. अर्धवट झोपेत तिला वाटलं, कुणीतरी खूप दुरून आपल्याकडे येतंय, धुक्यातून, हातात दोन कप घेऊन, आणि मधे लाकूड आहे.

मग आवाज थांबला.

थांबला तेव्हाच तो तिला खरा ऐकू आला. ती ताडकन उठली आणि प्लायवूडला कान लावला. काही नाही. बोटांनी कड धरून ओढलं, हललं नाही. लोणी लावायच्या सुरीने स्क्रू फिरवायला गेली, तर सुरीच वाकली. “मिस युलाली?” ती लाकडाला म्हणाली. मग तिचं तिलाच वेड्यासारखं वाटलं, आणि त्या वेड्यासारखं वाटण्यातच ती जिन्याकडे न जाता, हेवर्डला हाक न मारता, विनीला छातीशी धरून अनवाणी रस्त्यावर आली.

शेजारचं दार बंद होतं. पियाझाचं रस्त्याकडचं ते उंच, काळंभोर दार. पितळी कडी घासून लख्ख केलेली. लॉरेलने कडी वाजवली आणि वाट बघितली. पुन्हा वाजवली. रस्त्यावरून कुत्र्याला घेऊन चाललेल्या एका गृहस्थांनी तिच्या नाइटगाऊनकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि टोपीला हात लावला.

दार बंद म्हणजे येऊ नका. त्या झोपल्या असतील. न्हायला गेल्या असतील. आपण बाळाला घेऊन, पाय मातीचे, अंगावर दुधाचे डाग, त्यांच्यासमोर जाऊन उभं राहिलो तर त्या काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत. ‘किती छान केलंस आलीस’ म्हणतील, आणि मग गावभर होईल. तिचा हात कडीवरच होता. विनीने झोपेत उसासा टाकला. लॉरेलने दार ढकललं.

त्याला कुलूप नव्हतंच.

मिस युलाली फळीच्या पायाशी पडल्या होत्या, एका कुशीवर, एक पाय भलत्याच दिशेला. अंगावर त्यांनी फळीवरची गादी ओढून घेतली होती. हाताशी एक कप होता. तोच त्यांनी जमिनीवर आपटला असणार. दुसऱ्या कपाचे तुकडे सगळीकडे उडाले होते. निळ्या छताखाली त्यांचा चेहराही निळसर दिसत होता. डोळे मात्र उघडे होते.

“लॉरेल? थांब, येऊ नकोस. मी नाइटगाऊनवर आहे. बघू नकोस गं.”

“मी बघतेय, मिस युलाली.” तिने खाली बसून गाऊनच्या खिशातला फोन काढून अँब्युलन्सला लावला, पत्ता सांगितला, पुन्हा एकदा सांगितला. विनीला गादीच्या टोकावर ठेवलं. मग म्हातारीचा गार हात दोन्ही हातांत घेतला. “मी रोजच बघत होते. माफ करा.”

“ते काय मला माहीत नाही?” मिस युलालींना हसायचं होतं, पण दुखलं. “म्हणून तर केस विंचरून बाहेर यायचे मी. नाहीतर इतक्या पहाटे कोण विंचरतं?”

लॉरेल उगाच तुकडे गोळा करू लागली. “बहिणीचा कप फुटला तुमच्या.”

“कुठल्या बहिणीचा? हॉर्टेन्सनं जन्मात कॉफी घेतली नाही. तिला वास सहन व्हायचा नाही.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “तुझा होता तो.”

बोळात कुठेतरी पाखरं जागी झाली होती.

“खिडकीला लाकूड लागलं, दोन दिवस दिवा दिसला नाही,” त्या पुढे म्हणाल्या. आवाज आता लांबून आल्यासारखा येत होता. “म्हटलं, पोर रागावली. आपण काहीतरी बोलून गेलो. नाहीतर छोटीनं दूध सोडलं असेल, आता कशाला उठेल ती. म्हटलं, उंचावरून बघावं, लाकडाच्या कडेनं तरी उजेड दिसतो का.”

“म्हणजे तुम्ही या फळीवर चढलात? उभ्या?”

“लवते मेली.”

“लवणारच! मिस युलाली, अहो, ती लवण्यासाठीच असते!”

“ओरडू नकोस, छोटी उठेल,” मिस युलाली म्हणाल्या, आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी लॉरेलचं बोट सोडलं नाही. स्ट्रेचरवर घेताना मात्र त्यांनी त्या माणसांना बजावून सांगितलं, की आधी माझा कंगवा द्या.

खुबा मोडला होता. तो सांधला, पण जिने चढणं संपलं. भाची आली. चांगली बाई होती. तिने समरव्हिलला एका वृद्धाश्रमात खोली बघितली, सामान बांधलं, आणि एका दुपारी ते काळं दार बाहेरून कुलूप लावून बंद झालं. फळी तिथेच राहिली. वारा सुटला की अजूनही थोडी हलते.

पँट्री झाली. डुप्रींनी प्लायवूड काढलं, बरण्यांच्या पेन्सिल-चित्रांसकट, आणि कपाटं खिडकीच्या दोन्ही बाजूंना वाटून दिली. “सलग भिंत गेली तुमची,” ते म्हणाले. “जाऊ दे,” लॉरेल म्हणाली. पुढचं स्वयंपाकघर खरोखरच मोकळं, चकचकीत झालंय. लिंबंही आहेत. येणारे जाणारे कौतुक करतात. लॉरेल मात्र बहुतेक वेळ मागेच असते, पसाऱ्यात. मिस ऑगस्टा पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा खिडकीवरून त्यांची नजर नुसती निसटून गेली. पण त्या दिवशी लॉरेल बाटली घ्यायला आत शिरली, तर सासूबाई ओट्याला टेकून बाहेर बघत उभ्या होत्या, पलीकडच्या रिकाम्या ओसरीकडे. शाळेत त्या आणि युलाली एका बाकावर बसायच्या, हे लॉरेलला त्यांच्याच तोंडून तेव्हा कळलं.

“लहान आहे गं ही खिडकी,” मिस ऑगस्टा म्हणाल्या. “मोठी करून घ्यायला हवी होतीस.”

लॉरेल दर आठवड्याला विनीला घेऊन समरव्हिलला जाते. तिथल्या नर्स फार प्रेमळ आहेत. म्हणतात, तुमच्या मिस युलालींसारखं माणूस नाही. घंटी म्हणून वाजवत नाहीत, कशाची तक्रार नाही, विचारलं की म्हणतात, ‘मी मजेत आहे, बाळा, तू जा.’ मग आम्ही दार लोटून घेतो, त्यांना निवांतपणा मिळावा म्हणून. हे ऐकलं की लॉरेल त्यांना थांबवते. ती त्यांना सांगते, त्या तसं म्हणतात पण तसं नसतं. उलटं नका धरू, सरळही नका धरू, जाऊन बघत जा. नर्स हसून हो म्हणतात. त्यांना आणखीही पुष्कळ दारं असतात.

आता या आठवड्यात विनीला ताप आहे. कान धरून रडते, खाली ठेवू देत नाही, त्यामुळे समरव्हिलला जाता येत नाही. लॉरेल पहाटे पँट्रीत दिवा लावून बसते, खिडकीच्या दगडी कठड्यावर दोन कप मांडते, आणि फोन करते तर पलीकडून आवाज येतो, ‘मी मजेत आहे, बाळा.’ म्हणून ती भेटेल त्याला विचारत सुटली आहे, आणि आता तुम्हालाही विचारते आहे. तुम्ही समरव्हिलच्या बाजूला जाणार आहात का? तळमजला, बागेकडचं टोक, अगदी शेवटची खोली. दार लोटलेलं असेल. तरी आत जा. त्या म्हणतील, सगळं छान आहे, कशाला त्रास घेतलास. ते ऐकू नका. केस विंचरलेले आहेत का, एवढं बघून या.